चौथी रेष लाल का?

वेबवरचे आलेख काढणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी विहिरींच्या पाणीपातळीचं वेब ॲप्लिकेशन केलं. प्रत्येक गावाची एक रेष, प्रत्येक महिन्याचा एक ठिपका. रंग मी निवडले नव्हते; आलेख काढणाऱ्या तयार सॉफ्टवेअरने दिले तेच राहू दिले. टँकरचं वेळापत्रक सांभाळणारे एक गृहस्थ मात्र आलेख कधी उघडत नसत, खालचा आकड्यांचा तक्ता वाचत. दोन वर्षांनी सहज कारण विचारलं. म्हणाले, ‘मॅडम, त्यातल्या दोन रेषा मला एकसारख्याच दिसतात.’

त्या दोन रेषा म्हणजे तिसरी आणि चौथी. हिरवी आणि लाल.

डी-थ्री हे २०११ साली आलेलं, आलेखांच्या जगात सर्वपरिचित असलेलं साधन घ्या. त्याची दहा रंगांची एक प्रसिद्ध मालिका निळा, नारिंगी, हिरवा, लाल अशी सुरू होते. हे रंग अर्थाने मिळत नाहीत, रांगेने मिळतात. चौथ्या क्रमांकावर आलेलं गाव लाल, मग तिथल्या विहिरी काठोकाठ भरलेल्या का असेनात. माझ्या ॲप्लिकेशनमध्ये तर पहिलं गाव यादीतून काढलं की उरलेल्यांचे रंग एकेक घर पुढे सरकत. काल हिरवं असलेलं गाव आज नारिंगी! उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही. आपल्याकडचं प्रमाण काहीही असो, माझ्या मोजक्या वापरकर्त्यांत असा एक होता आणि नेमका तोच पाण्याचा निर्णय घेत होता.

दुरुस्ती करायची ती स्टाइलशीटमध्ये. वेबपानात मजकूर एकीकडे आणि तो कसा दिसावा याचे नियम दुसरीकडे, ही कल्पना हाकोन विउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली. नियम पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात: ब्राउझरचे, वाचकाचे, लेखकाचे. दोघांनीही आपला नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून ठणकावला तर कोणाचं चालावं? १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत लेखकाचं चाले. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने ते उलटवलं. तेव्हापासून शेवटचा शब्द वाचकाचा. साहित्यात हा वाद अजून मिटलेला नाही, तिथे तो चार वर्षांत मिटला.

पण आलेखाला हे नियम लागू पडतात की नाही, हे तो कशाने काढला आहे यावर ठरतं. एसव्हीजी पद्धतीत प्रत्येक रेष पानावरची स्वतंत्र वस्तू असते. तिच्या अंगावर साध्या गुणधर्माने लिहिलेला रंग फार दुबळा. स्टाइलशीटमधला कुठलाही नियम त्याला हटवतो. रंग वस्तूच्याच ‘स्टाइल’मध्ये लिहिला असेल तर मात्र ‘महत्त्वाचा’चा शिक्का लागतो. कॅनव्हास पद्धतीत आलेख म्हणजे भिंतीवर दिलेला रंग: ठिपके उमटले की रेष अशी वस्तूच उरत नाही, स्टाइलशीटचा हात तिथे पोचत नाही. मग रंगांची नावं स्टाइलशीटमध्ये ठेवायची आणि चित्र काढण्याआधी प्रोग्रामने ती वाचून घ्यायची, एवढाच मार्ग.

माझे आलेख सुदैवाने एसव्हीजीतले होते. रेषांना ‘पहिली’, ‘दुसरी’ अशा क्रमांकांऐवजी गावांची नावं दिली, म्हणजे यादी बदलली तरी रंग त्या गावापाशीच राहील. रंग घेतले ते मासाताका ओकाबे आणि केइ इतो यांच्या आठ रंगांतले. हे दोघे जपानी शास्त्रज्ञ स्वतः रंगांध. त्यांच्या यादीत शुद्ध लाल नाही, शेंदरी आहे, आणि हिरवा निळसर आहे. शिवाय दोन रेषा तुटक केल्या. तेही स्टाइलशीटमधूनच होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. एकंदर बारा ओळी लिहिल्या. दोन वर्षांपूर्वीही बाराच लागल्या असत्या.

त्या गृहस्थांना नवा आलेख दाखवला. चष्मा सारखा करून ते बराच वेळ पाहत राहिले. मग एका तुटक रेषेवर बोट ठेवून म्हणाले, ‘ह्या गावाची विहीर ऐन मे महिन्यात वर कशी आली?’

नोंद चुकली होती. दोन वर्षांपूर्वीची.