चिठ्ठी कुणी लावायची?

चुकीच्या खात्याला लागलेले व्हाउचर हरवत नाही, पण सापडतही नाही. बँकवाल्यांना हे ठाऊक असते. इंटरनेटचेही तसेच. १९९४ साली सुरू झालेल्या 'याहू'च्या सूचीत कोणते संकेतस्थळ कुठल्या खणात ठेवायचे हे माणसे ठरवीत. २००५ साली 'टेक्नोराती'ने ब्लॉग टॅगवरून शोधण्याची सोय केली. टॅग म्हणजे लिहिणाऱ्यानेच लावलेली चिठ्ठी. एका लेखाला हव्या तितक्या! मात्र 'पान' शोधावे तर विडा, झाड, पुस्तक सारेच हाती. इथे खणांची सूचीच बरी. पण याहूची ती सूची २०१४ अखेर मिटली. म्हणून आजीची पाककृती ब्लॉगवर लिहिणाऱ्या नातवाने नुसते 'चविष्ट' न लिहिता 'अंबाडीची भाजी' अशी चिठ्ठी लावावी. 'वऱ्हाड'ही लिहावे.