घरच्या घरी शुभेच्छापत्रे आणि स्मरणवह्या

हाताने केलेले शुभेच्छापत्र आणि हाताने बांधलेली स्मरणवही ही दोन भावंडे आहेत, अशी आपली समजूत असते. दोहोंना कागद लागतो, कात्री लागते, खळ लागते आणि घरातल्या मोठ्या टेबलाजवळची एक निवांत दुपार लागते. पण थोडा विचार केला तर दिसून येईल की, दोघांचा स्वभाव अगदी निराळा आहे. शुभेच्छापत्र सणापुरते. पाकिटातून निघते, चार जण पाहतात, आठ दिवस कपाटावर उभे राहते आणि मग कुठेतरी जाते. स्मरणवही मात्र आज पाच वर्षांची असलेली नात पन्नाशीला येईल तेव्हाही उघडता आली पाहिजे. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात. कार्डावर शोभणारी चमकी, स्वस्त रंगीत कागद आणि पारदर्शक चिकटपट्टी आपण हौसेने वहीतही वापरतो, आणि जे जपून ठेवायचे त्याचाच नाश आपल्या हाताने ओढवून घेतो.

आधी शुभेच्छापत्राकडे वळू. छापील शुभेच्छापत्राचा उगम मोठा गमतीदार आहे. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक कामसू सरकारी गृहस्थ होते. नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरे लिहायला सवड होईना, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. मध्यभागी जेवायला बसलेले कुटुंब आणि दोन्ही अंगांना गरिबांना अन्नवस्त्र देण्याची दृश्ये. हजारभर प्रती छापल्या, त्यांत हाताने रंग भरले, आणि उरलेल्या प्रती एक शिलिंगला एक अशा विकल्या. चित्रात लहान मूल मद्याचा घोट घेताना दाखवले म्हणून काही मंडळी रागावलीही! म्हणजे ज्याला आपण आपुलकीचे लक्षण मानतो ते छापील कार्ड मुळात पत्र लिहिण्याचा कंटाळा वाचवण्यासाठी जन्माला आले. पुढे अमेरिकेत वूस्टर गावी एस्थर हौलंड या तरुणीने 1840 नंतरच्या दशकाच्या अखेरीस जाळीदार कागद आणि रंगीत चित्रे जोडून प्रेमपत्रिका करण्याचा उद्योग थाटला. घरातच टेबलाभोवती मैत्रिणी बसत. एकीने कापायचे, दुसरीने चिकटवायचे, तिसरीने सजवायचे. आपल्याकडे फराळाला चार घरच्या बायका जमतात ना, तसाच हा प्रकार. पंचवीस-तीस कार्डे करायची असतील तर ही वाटणी आजही फार सोयीची.

कार्डाला विषय असावा असे म्हणतात. पण विषय म्हणजे वर चिकटवलेले चित्र नव्हे. विषय कागदाच्या घडीतच उतरला तर खरी मजा. दसऱ्याचेच उदाहरण घ्या. आपट्याचे पान निसर्गतःच दोन पाळ्यांचे, मधल्या शिरेवर मिटणारे. म्हणजे आयते घडीचे कार्डच! जाड हिरवा कागद मधोमध दुमडा, घडीच्या बाजूला पानाची शीर समजा आणि दुमडलेल्या कागदावर अर्धे पान काढून कापा. उघडले की पूर्ण पान. आत सोनेरी शाईने दोन ओळी लिहा. दसऱ्याला सोने म्हणून झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि त्यातही पुष्कळ वेळा आपट्याच्या नावाखाली कांचनाचीच पाने गळ्यात मारली जातात. त्यापेक्षा हे कागदी सोने पुष्कळ बरे.

संक्रांतीचेही तसेच. काळ्या कागदाला पंचिंग यंत्राने भोके पाडून मागे पांढरा कागद लावला की काळ्या चंद्रकळेवर हलवा विखुरल्यासारखे दिसते. त्यावर आणखी पतंग, तिळाचे लाडू आणि लाल रिबीन चढवण्याची गरज नाही. एका कार्डात एकच कल्पना पुरे. दुसरी आली की पहिली झाकली जाते.

मापाचे म्हणाल तर एक सोपी सोय आहे. आपण ज्यावर टंकलेखन करतो तो ए-चार कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा असतो. तो अर्धा कापून पुन्हा दुमडला की 105 बाय 148 चे कार्ड होते, आणि ते 114 बाय 162 च्या सी-सहा पाकिटात नीट बसते. पाकीट आधी आणावे, कार्ड मागून कापावे. उलट केले की देखणे कार्ड हातात आणि मापाचे पाकीट गावात नाही, अशी अवस्था होते. टपालाने पाठवायचे असेल तर मणी, टिकल्या, जाड गाठी टाळाव्या. शिक्के बसताना आणि थैल्यांच्या ओझ्याखाली त्या पाकीट फाडून बाहेर येतात.

आता घडीविषयी थोडे. कापडाला जसा ताणा-बाणा असतो तसा गिरणीच्या कागदालाही एक कल असतो. यंत्रावर लगदा सरकत्या जाळीवरून धावतो, त्यामुळे बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेने पडतात. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो विनातक्रार वाकतो, तंतू त्या घडीला समांतर आहेत असे समजावे. घडी तिकडेच घालावी. आडव्या कलावर घातलेली घडी फुटते, रंगीत कागदात आतला पांढरा तंतू दिसू लागतो. वहीचे पानही असेच कापायचे, की तंतू पाठीच्या कण्याला समांतर येतील. नाहीतर पावसाळ्यात पाने फुगून वाकडी होतात आणि वही मिटता मिटत नाही. हातकागदाला मात्र हा त्रास जवळजवळ नाही, कारण कारागीर साचा उभा-आडवा हलवतो आणि तंतू सगळीकडे गुंततात.

हातकागदाची परंपरा आपल्या मातीतलीच. जुन्नरचा आणि दौलताबादेचा कागद एके काळी नावाजलेला होता. दौलताबादेजवळच्या गावाचे नावच कागजीपुरा. पुण्यात 1940 साली के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली. सुती चिंध्यांपासून केलेला असा कागद स्मरणवहीसाठी उत्तम. त्याचे कारण केवळ स्वदेशीचे नव्हे, रसायनाचे आहे. लाकडाच्या कच्च्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते उजेडाने पिवळे पडते. शिवाय एकोणिसाव्या शतकापासून गिरणीच्या कागदावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरू लागले. तुरटीमुळे कागदात आम्लता राहते आणि ती आतल्या आत तंतू तोडीत जाते. म्हणून तर तीनशे वर्षांपूर्वीची पोथी अजून उलगडता येते आणि आजोबांच्या वेळचे मासिक हात लावताच कडेने चुरते. खात्री करायची असेल तर वर्तमानपत्राचा तुकडा गच्चीत उन्हात ठेवा, मध्यभागी एक नाणे ठेवा आणि आठ दिवसांनी नाणे उचला. खालचे गोल वर्तुळ स्पष्ट दिसेल. म्हणून लग्नाची बातमी, बक्षिसाची बातमी असे कात्रण वहीत थेट डकवू नये. त्याची चांगल्या कागदावर छायाप्रत काढावी आणि ती लावावी. मूळ कात्रण निराळ्या पाकिटात.

खळीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. अमेरिकेत मार्क ट्वेन या विनोदी लेखकाने 1873 साली पानांवर आधीच गोंद लावलेल्या कात्रणवहीचे पेटंट घेतले होते; पान ओले करायचे की झाले. चिकटवण्याचा कंटाळा हा असा जुना आहे. आपल्याकडे काही दशकांपूर्वी चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले आल्बम घरोघरी आले. फोटो ठेवा, पापुद्रा दाबा, काम संपले! आज त्यांची काय दशा झाली आहे ते पाहावे. गोंद पिवळा पडून पट्टे उमटले आहेत आणि फोटो असा घट्ट बसला आहे की काढू गेले तर फाटतो. माझ्या नात्यातल्या एका घरी लग्नाचा असा आल्बम आहे. फोटो सोडवणे अशक्य झाल्यामुळे शेवटी पापुद्र्यावरूनच एकेक फोटोची प्रतिमा टिपून घ्यावी लागली, आणि प्रत्येक चेहऱ्यावर प्लॅस्टिकची चकाकी आली.

तेव्हा वहीसाठी नियम एकच : जे चिकटवले ते पुन्हा सोडवता आले पाहिजे. जगातल्या मोठ्या ग्रंथालयांत जुने कागद दुरुस्त करणारे तज्ज्ञ यासाठी काय वापरतात ठाऊक आहे? गव्हाचे सत्त्व. म्हणजे कुरडयांसाठी आपल्या घरी जो चीक करतात तोच, बरे का! गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, वाटून गाळायचे आणि खाली बसलेले सत्त्व घ्यायचे. वहीसाठी ते आणखी दोन-तीन पाण्यांनी निवळून घ्यावे, म्हणजे आंबटपणा जातो. वाटीभर दाट चिकाला दोन-अडीच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळीत शिजवावे. दुधासारखा पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरावे, थंड झाल्यावर फडक्यातून दाबून काढावे. मीठ-हिंग अर्थातच घालायचे नाही. मैद्याची खळही चालते, पण मैद्यातल्या चिकट प्रथिनामुळे कसरीला आमंत्रण मिळते. काही बांधणीवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. घरच्या वहीत घालू नये. ते विष आहे, आणि तांब्याचा अंश कागदाला बाधतो. केलेली खळ दोन-तीन दिवसांत संपवावी, आंबूस वास आला की टाकून द्यावी. आणि चिकाने लावलेला कागद पुढे कधी ओलावा देऊन अलगद सोडवता येतो.

फोटोला तर खळसुद्धा थेट लावू नये. चार सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद अशी कागदाची पट्टी घ्या. वरचे दोन्ही कोपरे खालच्या कडेच्या मध्यावर आणून दुमडा. त्रिकोणी खिसा तयार होतो. असे चार खिसे फोटोच्या कोपऱ्यांना घालून फक्त खिशांच्या सपाट पाठीला खळ लावायची. फोटो मोकळाच राहतो.

वही बांधताना नवशिक्यांना एक अडचण हमखास येते. पाने शिवून झाली, फोटो लावले, की वही सुसरीसारखी तोंड वासून बसते. फोटोंमुळे पाने जाड होतात, पाठ मात्र मूळचीच राहते. उपाय सोपा आहे. दर दोन पानांमध्ये पाठीच्या बाजूला बोटभर रुंदीची जाड कागदाची पट्टी घालून ती पानांबरोबरच शिवावी. बारा-पंधरा पाने, त्यांना दाभणाने पाच भोके, मेण लावलेला सुती दोरा आणि वर पुठ्ठ्याला कापड. जमाखर्चाच्या तांबड्या चोपड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

एवढे करून वहीत घालायचे काय? इथे माझे मत थोडे तिखट आहे. बाजारातली फुले, फुलपाखरे आणि हृदये चिकटवून स्मरणवही होत नाही. विषय लहान घ्यावा. ‘आमचे कुटुंब’ हा विषय वहीत मावत नाही; ‘आजीचे स्वयंपाकघर’, ‘वाडा पाडण्यापूर्वीचे शेवटचे वर्ष’, ‘बाबांची बदलीची गावे’ हे मावतात. आजीच्या हातची पाककृतीची चिठ्ठी, तेलाच्या डागासकट, शंभर चित्रांहून मोलाची. एसटीचे जुने तिकीट, रेशनकार्डाचे मुखपृष्ठ, बारशाची पत्रिका, सारे घ्यावे. हल्लीच्या दुकानांतल्या गुळगुळीत पावत्यांची मात्र छायाप्रत काढावी. त्या उष्णतेने छापलेल्या असतात आणि काही वर्षांत पार कोऱ्या होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम खळीचे नाही, कात्रीचे नाही. ते नावांचे आहे. जुन्या फोटोत मागच्या रांगेत उभी असलेली, नऊवारी नेसलेली ती कोण, हे घरात बहुधा एकाच माणसाला ठाऊक असते. कुणाची आत्या, कुणाची थोरली काकू. ती आहे तोवर कुणी विचारत नाही. ती गेली की घरातला अर्धा आल्बम अनोळखी लोकांचा होतो. तेव्हा वही शिवण्याच्या आधी फोटो घेऊन तिच्यापाशी बसावे. ‘आत्या, ही डावीकडून तिसरी कोण हो?’ एवढे विचारले की पुरते. नावच नव्हे, गावही निघेल, कुणाचे कुणाशी भांडण होते तेही निघेल. ते तिच्याच शब्दांत लिहावे, सुधारू नये. जुन्या लेखनिकांना पोथीत चूक झाली की ती पिवळ्या हरताळाने झाकण्याची सवय होती. हरताळ फासणे हा वाक्प्रचार त्यातूनच आला. इथे हरताळ नको. आत्याला साल आठवले नाही तर ‘पानशेतच्या पुराच्या आधी’ असेच लिहावे. तो पूर 1961 चा, म्हणजे साल पुढे कुणालाही लावता येते. लिहायचे ते वहीच्या पानावर, मऊ पेन्सिलीने. रंगीत फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहिले तर अक्षरे पुढून उठतात, आणि तिथली शाई शेजारच्या फोटोला लागते.

फोनमधल्या फोटोंचेही तेच. हजारांतून वीस निवडावे, कागदावर काढून घ्यावे, आणि त्याच आठवड्यात नावे लिहावी.

तयार वही ठेवायची कुठे? बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, माळ्यावर तर नकोच. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळी हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली तर ओल आतच कोंडते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत. सुती कापड धूळ अडवते आणि हवा जाऊ देते. जुन्या धुतलेल्या साडीचा चौकोनी तुकडा यासाठी छान. वही उभी न ठेवता आडवी ठेवावी, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवली तरी चालेल. पाऊस सरला, दसऱ्याच्या सुमारास कोरडी हवा सुरू झाली, की एकदा सोडून सावलीत पाने उलटावी. एखादा कोपरा सुटला असेल तर चीक थोडासाच लागतो, चमचाभर.