सारांशलेखन आणि शब्दाचा अर्थ

सारांशलेखन ही प्रथम आकलनाची परीक्षा होय, संक्षेपाची त्यानंतर. ‘राम जोशी व होनाजी हे उत्तर पेशवाईंतील शाहीर’ हें वाक्य घ्यावें. ‘उत्तर’ म्हणजे दिशा, असें समजणारा १४-१५ वर्षांचा विद्यार्थी त्या दोघांना सारांशांत थेट दिल्लीकडे धाडतो! कोशांत जबाब, दिशा, नंतरचा असे अनेक अर्थ सांपडतात. निवड मात्र शेजारच्या मजकुरावरून करावयाची असते. तेथें दुसऱ्या बाजीरावाचें नांव आणि पेशवाई बुडाल्याचें १८१८ हें साल असलें, म्हणजे येथें काळ अभिप्रेत आहे, हें उघड होतें. म्हणून शिक्षकानें अर्थ आयता सांगूं नये. प्रत्येक अर्थ वाक्यांत घालून विद्यार्थ्यालाच पडताळूं द्यावा. शब्द चुकला, तर सारांश कितीही सुबक असो, त्यांत मूळ लेखकाचें म्हणणें उरत नाहीं.