श्रम पवित्र, वेठ नव्हे

ख्रिस्ती धर्मात प्रामाणिक श्रम ही उपासनाच मानली जाते. येशू सुतार होता. पौल तंबूंचा धंदा करून स्वतःचे पोट भरी. पण ही शिकवण आपल्या दलित ख्रिस्ती वस्तीत सांगताना मी एक भेद करतो. पौलाचे काम जातीने लादलेले नव्हते. महारकी, मैला वाहणे ही जन्माने गळ्यात पडलेली वेठ होती. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. अशा वेठीला ईश्वरसेवा म्हणणे हा अधर्म होय. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते. म्हणजे कामचुकारपणा जसे पाप, तसेच मजुरी बुडवणेही पाप. हे दोन्ही ठणकावून सांगणारी मंडळीच आम्हांला आपली वाटेल.