दहावीनंतरचे मैदान : कनिष्ठ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघापर्यंतची वाट

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पालकांची रीघ लागते. दाखला, गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र यांची विचारपूस झाली की एखादे वडील जाता जाता उंबऱ्यात थांबतात आणि विचारतात, "गुरुजी, पोरगं बास्केटबॉल चांगलं खेळतंय म्हणता; त्याचा पुढं काही उपयोग होईल का?" प्रवेशाच्या धांदलीत या प्रश्नाला न्याय देता येत नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याचे सविस्तर उत्तर येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चांगल्या खेळाडूला महाविद्यालये शोधत येतात, अशी अनेकांची समजूत असते. अमेरिकेत तसे घडते. तेथे ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय. अशा महाविद्यालयांची क्रीडा संघटना १९३८ साली स्थापन झाली. तेथील प्रशिक्षक शाळांचे सामने पाहत हिंडतात आणि निवडलेल्या खेळाडूला शिष्यवृत्ती देऊ करतात. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे अकरावी-बारावी. पाटोद्याच्या मैदानावर कोणी खेळाडू हेरायला येईल, ही आशा धरून बसू नये. येथे खेळाडूलाच आपला खेळ आणि आपली कागदपत्रे घेऊन महाविद्यालयाच्या दारी जावे लागते.

ती वाट शालेय क्रीडा स्पर्धांतून जाते. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय, अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. माध्यमिक शाळेतील मुले १७ वर्षांखालील गटात खेळतात, तर कनिष्ठ महाविद्यालयांचा संघ १९ वर्षांखालील गटात उतरतो. अकरावीला आलेल्या मुलाकडे प्रशिक्षक पाहतो तो याच हिशेबाने: हा मुलगा पुढची दोन वर्षे आमच्या संघाला उपयोगी पडेल काय?

आपल्या जिल्ह्यात या पायऱ्यांच्या आड एक गोष्ट येते, ती म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि विभाग-राज्याच्या फेऱ्या दिवाळीच्या आगेमागे येतात. नेमक्या त्याच वेळी टोळ्या कारखान्यांकडे निघतात. आईवडिलांबरोबर फडावर गेलेला मुलगा जिल्ह्याला जिंकूनही विभागाला पोहोचत नाही. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, कोयता घेऊन निघण्यापूर्वी मुलाला वसतिगृहात ठेवून जावे आणि बाहेरगावी खेळायला नेण्याचे संमतिपत्र सही करून शाळेत द्यावे. एवढ्या एका कागदावाचून मुलाचे वर्ष अडू शकते.

कागदांचे महत्त्व आम्ही स्वतः ठेच लागून शिकलो. एका वर्षी आमच्या संघातील सर्वांत उंच मुलाची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात एक आणि आधार कार्डावर दुसरी निघाली. स्पर्धेत वय ३१ डिसेंबर ही तारीख धरून मोजतात. मेळ न बसल्याने तो मुलगा बाकावर बसून राहिला आणि आमचा संघ हरला. चूक मुलाची नव्हती. वेळेवर तपासणी न करणाऱ्या आम्हा मोठ्यांची होती. तेव्हापासून आठवीतच प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख आम्ही पडताळून घेतो. पालकांनीही प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपावे, त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि त्यावरील नावाचे स्पेलिंग गुणपत्रिकेशी जुळते की नाही ते पाहावे.

आता निवडीविषयी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. त्यात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात; मात्र अर्ज भरतानाच तसा दावा करून प्रमाणपत्र जोडावे लागते. नंतर आठवण होऊन काही साधत नाही. जागा मिळणे आणि संघात स्थान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघासाठी महाविद्यालय सुरू झाल्यावर निवड चाचणी होते. म्हणून ज्या महाविद्यालयाला मैदान आहे, क्रीडाशिक्षक आहे आणि जे दरवर्षी संघ उतरवते, त्याची माहिती निकालापूर्वीच काढावी. शक्य असल्यास उन्हाळ्याच्या सुटीत मुलाने स्वतः जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटावे.

चाचणीत उंची पाहतात, हे खरे. बास्केट जमिनीपासून ३.०५ मीटर उंचावर असते, तेव्हा उंच मुलाला लाभ होणारच. परंतु बुटक्या मुलाने मन खट्टू करू नये. दोन्ही हातांनी चेंडू टप्पे देत नेता येतो का, धावत जाऊन डाव्या हातानेही बास्केट करता येते का, चेंडू हातून गेल्यावर तो परत फिरून बचावाला धावतो का, हे जाणता प्रशिक्षक आधी पाहतो. थकल्यावर मुलगा सोबत्यावर चिडतो की त्याला पास देतो, याकडेही त्याचे लक्ष असते. यांतील एकाही गुणासाठी पैसे लागत नाहीत. रोजचा सराव मात्र लागतो.

२८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असे पुरे मैदान आपल्याकडे नाही, ही खंत माजी विद्यार्थी बोलून दाखवतात. त्यावर तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलचा उतारा आहे. तो अर्ध्या मैदानावर, एकाच बास्केटवर खेळतात. सामना १० मिनिटांचा असतो. त्याआधी २१ गुण करणारा संघ जिंकतो. टोकियो ऑलिंपिकपासून या प्रकाराला ऑलिंपिकमध्येही स्थान आहे. एका खांबावर उत्तम सराव होतो, हे आम्ही रोज पाहतो.

मुलींच्या पालकांशी थोडे वेगळे बोलतो. मुलगी बाहेरगावी कशी राहील, ही त्यांची काळजी रास्त आहे. त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची चौकशी प्रथम करावी. पण खेळ बंद करू नये. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला बास्केटबॉल संघाचे नेतृत्व केले आहे.

या साऱ्याचा लाभ कोणता? दहावी-बारावीच्या परीक्षेत स्पर्धेच्या स्तरानुसार सवलतीचे गुण मिळू शकतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची शासकीय पडताळणी आवश्यक असते. मात्र प्रत्येक खेळाडू येथवर पोहोचत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. खेळाने दार उघडते. आत टिकून राहण्यासाठी अभ्यासच लागतो. पैसे घेऊन संघात निवड करून देतो, असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

आपल्या मातीला हे नवे नाही. पाटोद्याचे राहुल आवारे पुण्याच्या तालमीत घडले आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आले. शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले, तेथे धावू लागले आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. दोघांचेही गाव लहान होते. परंतु पुढच्या टप्प्यावर त्यांना घडवणारे कोणीतरी भेटले.

असे भेटणारे कोणीतरी होणे माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे. आपल्यापैकी अनेकजण पुणे, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर येथे स्थिरावले आहेत. आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या निवड चाचणीची तारीख शाळेला कळवा. चाचणीला येणाऱ्या मुलाला दोन रात्री आपल्या घरी उतरू द्या, सकाळी मैदानापर्यंत सोबत जा. आपल्या मुलांना हेरायला बाहेरून कोणी येत नाही. ते काम आपणच वाटून घेतले, तर पुढच्या जूनमध्ये उंबऱ्यात थांबलेल्या त्या वडिलांना आम्ही निःशंकपणे सांगू शकू की होय, उपयोग होईल.