नित्य नामजप : माळ, मोजणी आणि प्रकार

प्रकार : ऐकू येईल असा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्यालाही ऐकू येत नाही तो उपांशु आणि केवळ मनात चालतो तो मानस जप होय, मनुस्मृतीने यांत मानस जप श्रेष्ठ मानला आहे.

माळ : जपमाळेत 108 मणी व त्यांखेरीज एक मेरुमणी असतो. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने एकेक मणी ओढतात, तर्जनीचा स्पर्श टाळतात आणि मेरुमणी न ओलांडता तेथूनच माळ उलट फिरवतात. विष्णुभक्तांत तुळशीची, तर शैवांत रुद्राक्षाची माळ रूढ आहे. माळ झाकून ठेवणाऱ्या कापडी पिशवीस गोमुखी म्हणतात.

मोजणी : एका माळेचे जप 100 च धरून वरचे 8 चुकभुलीसाठी सोडण्याची प्रथा असल्याने, रोज 10 माळांच्या नेमाने वर्षाला 3,65,000 जप होतो. ठरावीक संख्येच्या विधियुक्त अनुष्ठानास पुरश्चरण म्हणतात.

महाराष्ट्रात : ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी, म्हणजे 13 अक्षरी मंत्राचा 13 कोटी जप समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळी येथे केला, अशी परंपरा आहे, याच मंत्राचा प्रसार गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज (1845–1913) यांनी केला.