पटांगणातून समुद्रकाठी

समजा, दिंद्रुडच्या शाळेच्या पटांगणात तुमचा एक मित्र उभा आहे. चित्रपटात मात्र तो समुद्राच्या काठी उभा दिसायला हवा. बीड जिल्ह्याला तर समुद्र नाही, आणि सगळ्यांना रत्नागिरीला नेण्याइतके पैसेही जवळ नाहीत. मग काय करावे? मित्राचे चित्र वेगळे घ्यावे, समुद्राचे वेगळे घ्यावे, आणि दोन्ही अशी जुळवावीत की सांधा कोणाला दिसू नये. चित्रपटातील दृश्य-चमत्कृतींचे, म्हणजेच ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’चे, बरेचसे काम हेच असते.

हे काम आपल्याकडे नवे नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले होते. छायाचित्रण व छपाई त्यांना येत होती आणि ते जादूचे प्रयोगही करीत. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले व चित्रपटाचे तंत्र पाहून आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि ठराविक वेळाने एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले! याचा हिशेब तुम्हीही करू शकता. तासाला एक चित्र घेतले तर ३० दिवसांत ७२० चित्रे होतात. सेकंदाला १६ या वेगाने ती दाखवली, तर महिन्याची वाढ ४५ सेकंदांत दिसते.

फाळक्यांच्या १९१८ सालच्या ‘श्रीकृष्णजन्म’ या मूकपटात कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते. दोन दृश्ये एकत्र करण्याची त्या काळची एक रीत अशी होती: भिंगासमोर काळा पुठ्ठा धरून चौकटीचा काही भाग झाकायचा. तेथे प्रकाश न पोचल्याने तेवढी फिल्म कोरी राहते. मग फिल्म मागे गुंडाळायची, आधी उमटलेला भाग झाकायचा आणि कोऱ्या भागावर दुसरे दृश्य घ्यायचे. पुठ्ठा जरासा सरकला तरी दोन्ही दृश्ये वाया!

आज पुठ्ठ्याचे हे काम संख्या करतात. मित्रामागे हिरवा पडदा लावतात. हिरवाच का? एक तर तो कातडीच्या रंगाहून अगदी वेगळा. दुसरे असे, की बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत लाल व निळा प्रकाश टिपणाऱ्या एकेका ठिपक्यामागे हिरवा टिपणारे दोन ठिपके असतात. संगणक चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी ठरवतो, की येथे मित्राने किती जागा व्यापली आहे. पूर्ण व्यापली असेल तर १, मुळीच नसेल तर ०, आणि केसांच्या कडेला मधला एखादा अपूर्णांक. या संख्येला आपण ‘अ’ म्हणू. मग,

बिंदूचा रंग = अ × मित्राचा रंग + (१ − अ) × समुद्राचा रंग

केसाच्या कडेला अ = १/४, मित्राच्या रंगाची संख्या ४० व समुद्राची २०० असेल, तर उत्तर १० + १५० = १६० येते. बीजगणिताचे हे साधे उदाहरण झाले. पण एका चौकटीत १९२० × १०८० बिंदू, प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन रंग आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर हेच गणित दर सेकंदाच्या चित्रासाठी सुमारे १५ कोटी वेळा करावे लागते. ते संगणकाला शिकवणारा कोणीतरी लागतोच. अमेरिकेत एड कॅटमल व आल्वी रे स्मिथ यांनी १९७०च्या दशकात ‘अ’ची ही कल्पना मांडली. थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ साली तिचे नियम बांधले. या चौघांना १९९६ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

असे पुरस्कार आपल्याही माणसांना मिळाले आहेत. अभिनेत्याच्या चेहऱ्यावरील भाव टिपून ते संगणकातील पात्राला देण्याच्या तंत्रासाठी २०१७ साली पराग हवालदार यांना, आणि हेलिकॉप्टरमधून स्थिर चित्रण करणाऱ्या कॅमेरा-यंत्रणेसाठी २०१८ साली पुण्याचे अभियंते विकास साठये यांना सहकाऱ्यांसह तो मिळाला.

तेव्हा या क्षेत्राला दोन दारे आहेत. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा आवडीने देणारा एका दाराने आत जातो; गणित व भौतिकशास्त्रात रमणारा दुसऱ्या दाराने. लाटा, धूर, आग यांची समीकरणे मांडून आज्ञावली लिहिणे हे त्याचे काम. मात्र एक गोष्ट आधीच जाणून घ्या. नवख्याला बहुधा चौकटीमागून चौकट माणसाच्या कडा आखत बसण्याचे कंटाळवाणे काम मिळते, आणि आता त्यातला काही भाग संगणक स्वतःच करू लागला आहे. नुसती बटणे दाबायला शिकलेल्याची नोकरी त्यामुळे धोक्यात येते. कडा कोठे व का चुकली हे ज्याला कळते, त्याची गरज मात्र राहते.

तुमची नजर कशी आहे ते आजच तपासा. पटांगणातल्या झेंड्याच्या खांबाची सावली सकाळी ८ वाजता, दुपारी १२ वाजता व संध्याकाळी ५ वाजता वहीत काढा. दिशा, लांबी आणि कडेचा ठळकपणा, तिन्ही नोंदवा. मग सांगा: सकाळी ८ वाजता पटांगणात टिपलेला मित्र संध्याकाळच्या समुद्रावर ठेवला, तर प्रेक्षकांना काय खटकेल?